जपानातील पाषाणदर्शन

माघ महिन्यात आम्हांस जपानात जाण्याचा योग आला. आमचे पुतणे सहा वर्षांपासून नोकरीनिमित्त टोकियोच्या उत्तरेस सायतामा प्रांतात राहतात. त्यांचा आग्रह कितीतरी दिवसांचा होता. परंतु एकत्र कुटुंबात कोणाचे ना कोणाचे मंगलकार्य, आजारपण वा परीक्षा असावयाचीच, आणि जाणे लांबणीवर पडत होते. शेवटी निघालो तेही अर्धवट मनाने. कारण त्याच सुमारास आमचा जुना वाडा पाडावयास निघाला होता, आणि तीन पिढ्यांचे सामान तीन आठवड्यांत हलवावयाचे होते.

त्या सामानात माजघराच्या फडताळातील गोटे होते. हे गोटे आमच्या कैलासवासी आत्याबाईंचे. लहान वयात वैधव्य आल्यापासून त्या माहेरीच राहिल्या. कोणत्याही यात्रेला गेल्या की पदरात नदीतला एखादा गोटा बांधून आणीत. वाईच्या कृष्णेतला, नाशिकच्या गोदावरीतला, ओंकारेश्वराहून नर्मदेतला. ते पूजेचे नव्हते. देव्हाऱ्यात त्यांना जागा नव्हती. उन्हाळ्याच्या दिवसांत एका ताम्हनात पाणी घालून त्यात एक गोटा ठेवावयाचा, ते ताम्हन खिडकीत मांडावयाचे आणि दुपारच्या वेळी त्याकडे पाहत बसावयाचे, एवढाच त्यांचा छंद. आम्ही मुले त्यांची थट्टा करीत असू. त्यांना जाऊनही आता तीस वर्षे होतील. निघण्याच्या आदल्या दिवशी मजुराने विचारले, “हे दगड कुठं ठेवू?” आम्ही घड्याळाकडे पाहत म्हणालो, “राडारोड्यात टाक.” हे वाक्य पुढे दहा दिवस आमच्या कानांत वाजत राहणार आहे, ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

टोकियोच्या उएनो उद्यानात 1926 साली उघडलेले एक मोठे कलासंग्रहालय आहे. कुंडीतील वृक्षांचे, म्हणजे बोन्साय कलेचे, सुप्रसिद्ध कोकुफू प्रदर्शन 1934 साली प्रथम ह्याच ठिकाणी भरले. त्याच दिवसांच्या आगेमागे येथे दगडांचेही प्रदर्शन भरते. पुतण्यांनी आम्हांस तेथे नेले तेव्हा ‘दगडांचे प्रदर्शन’ म्हणजे रत्ने, स्फटिक, फार तर भूगर्भशास्त्राचे नमुने असतील अशी आमची समजूत होती. आत शिरून पाहतो तो मंद प्रकाशात, अंतराअंतरावर, एकेका मेजावर एकच दगड. तोही काळा, करडा, नाहीतर हिरवट. चकाकी नाही की रंगाचा झगमगाट नाही. लोक मात्र देवळात उभे राहावे तसे हात जोडल्यासारखे पुढे धरून, थोडे वाकून, एकेका दगडापुढे दोन-दोन मिनिटे उभे होते.

पहिल्या पाच-सहा दगडांपुढून आम्ही कौतुकाने परंतु काहीसे हसत गेलो. मग एक उथळ, लांबट, निळसर झिलईचे मातीचे तबक आले. त्यात बारीक वाळू समतल पसरलेली, वाळू किंचित ओलसर, आणि मध्यापासून जरा डावीकडे वीतभर लांबीचा एक काळा दगड. त्याचे एक टोक उंच, मग खिंड, मग दुसरे ठेंगणे शिखर, आणि पुढे उतरत उतरत गेलेली सोंड. वाळूचे पाणी झाले होते आणि दगडाचा दूरचा डोंगर. सौ. आमच्या मागे उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, हे तर आत्याबाईंचे ताम्हन!”

त्यानंतर आम्ही हसलो नाही.

ह्या कलेस जपानी भाषेत ‘सुइसेकी’ म्हणतात. सुइ म्हणजे पाणी, सेकी म्हणजे दगड. डोंगर आणि पाणी ह्यांचे दृश्य दाखविणारा दगड, अशा अर्थाच्या लांब नावाचा हा संक्षेप असल्याचे सांगतात. दगड निसर्गात सापडला तसाच असावा, माणसाच्या हाताने घडविलेला नसावा, हा पहिला दंडक. एका किंवा दोन हातांनी उचलता यावा, इतपतच तो मोठा असावा. तो कठीण जातीचा असावा. मऊ दगडाच्या कडा आणि अंगावरील सुरकुत्या टिकत नाहीत. रंग गडद आणि शांत असावा. ह्या सर्वांहून मोठी अट अशी की त्याकडे पाहताना दगड विसरला जावा आणि डोंगर, कडा, धबधबा, बेट ह्यांपैकी काही डोळ्यांपुढे उभे राहावे.

कलेचे मूळ चीनचे. तेथील विद्वान मंडळींत विचित्र आकारांचे दगड अभ्यासिकेत ठेवण्याची चाल फार जुनी आहे. सुङ् राजवटीतील मी फू (1051–1107) हा नामांकित चित्रकार आणि सुलेखनकार एका दगडापुढे दरबारी पोशाख चढवून नमस्कार करी व त्याला ‘वडील बंधू’ म्हणून हाक मारी, अशी आख्यायिका आहे. त्याच काळातील सम्राट हुइत्सुङ् ह्याने राजधानीतील आपल्या उद्यानासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून दगड नावांत घालून आणविले. त्या वाहतुकीने प्रजा जेरीस आली, आणि 1127 साली शत्रूने राजधानी घेतली. वेढा पडला असता त्याच शिळा फोडून गोफणयंत्रांत घातल्या असे म्हणतात. दगडाचे वेडही कोठवर न्यावे ह्याला मर्यादा आहे. चिनी रसिकांना दगड सडपातळ, सुरकुतलेला आणि आरपार छिद्रे असलेला आवडे. ताय् सरोवरातले दगड तर कारागीर थोडेफार कोरून पुन्हा वर्षानुवर्षे पाण्यात बुडवून ठेवीत. जपान्यांनी हा छंद उचलला. परंतु हळूहळू त्याचे वळण बदलले. छिद्रे आणि वेडेवाकडेपण मागे पडले. शांत, आडवा, खाली बसलेला दगड पुढे आला. ज्यांना देशस्थ घरातील साध्या पितळी समईचे सौंदर्य कळते, त्यांना हा बदल का झाला हे अधिक सांगावयास नको.

जपानी दगडांत सर्वांत मानाचा एक दगड नागोया शहरातील तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. त्याचे नाव ‘युमे नो उकिहाशी’, म्हणजे स्वप्नातला तरंगता पूल. मुरासाकी शिकिबू ह्या विदुषीने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘गेंजी’ कथेतील शेवटच्या, चोपन्नाव्या प्रकरणाचे हेच नाव. सम्राट गो-दाइगो (1288–1339) ह्यास राजधानी सोडून परागंदा व्हावे लागले, तेव्हा हा दगड त्याने आपल्या अंगरख्यात जपून नेला, अशी परंपरा आहे. राज्य गेले, राजधानी गेली, आणि हाती उरला तो एक ठेंगणा दगड! दुसरा एक दगड क्योतोच्या निशी होङ्गान्जी मठात आहे. मठाशी चाललेले दीर्घ युद्ध 1580 साली मिटले, त्या प्रसंगी सेनापती ओदा नोबुनागा ह्याने चहाच्या एका पेल्याबरोबर हा दगड दिला असे सांगतात. हे दोन्ही दगड सदा सर्वकाळ मांडलेले नसतात. आम्हांस त्यांचे दर्शन घडले नाही.

प्रदर्शनातून परत येताना आगगाडीतच आम्ही पुतण्यांकडून घरी दूरध्वनी लावविला. वहिनींनी उचलला. दोन हातगाड्या भरून राडारोडा बुधवारीच गेला, असे त्यांनी सांगितले. कोठे गेला? ते मुकादमाला ठाऊक. कोठल्याशा खाणीत भर घालावयास. “गोटे होते त्यातले काही राहिले का?” असे विचारता वहिनी म्हणाल्या, “एक मी काढून घेतलाय भावजी. चांगला गुळगुळीत आहे. चैत्रात खाराच्या कैऱ्यांवर दडपण ठेवायला बरा.” आम्ही म्हणालो, “तेवढा सांभाळा.” वहिनींना वाटले, आम्हांस आंबेडाळ, कैऱ्यांची आठवण झाली असावी.

पुढच्या रविवारी ओमिया येथील बोन्साय वस्ती पाहण्यास गेलो. 1923 च्या भूकंपात टोकियोची अपरिमित हानी झाली. त्यानंतर तेथील काही माळी मोकळी जागा, चांगले पाणी आणि माती पाहून इकडे आले आणि 1925 साली ही वस्ती उभी राहिली. आता तेथे 2010 साली उघडलेले बोन्साय संग्रहालय आहे व त्यात दगडही मांडलेले असतात. पुतण्यांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ तेथे आम्हांस भेटले. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हांस आपल्या घरी नेले, आणि जे काही आम्ही खरोखर शिकलो ते त्यांच्या परसात.

परसात लाकडी फळ्यांचे मांडव होते व त्यांवर कुंड्या नव्हत्या, दगड होते. शे-सव्वाशे तरी असतील. ऊन, पाऊस, हिम सर्व त्यांच्या अंगावर. ह्याला ते ‘योसेकी’, म्हणजे दगडाचे पोषण, म्हणतात. नदीतून आणलेला दगड ताबडतोब दिवाणखान्यात मांडावयाचा नसतो. तो वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवावयाचा, रोज त्यावर पाणी शिंपडावयाचे, मधून मधून हाताने कुरवाळावयाचा. हळूहळू त्याचा कोरा, राखाडी रखरखीतपणा जाऊन अंगावर एक खोल, जुनी कांती येते. तेल लावून ही कांती एका दिवसात आणणारे लोकही आहेत. त्यांचे नाव निघताच यजमानांनी असे तोंड केले की पुतण्यांस भाषांतर करावे लागले नाही.

दगडांच्या जाती त्यांनी एकेक उचलून दाखविल्या. दूरचा डोंगर दाखविणारा तो तोयामा-इशी. ज्याच्या काळ्या अंगावरून पांढऱ्या गारगोटीची रेघ खाली उतरते तो धबधब्याचा, ताकी-इशी. माथ्यावर खळगा असून त्यात पाणी साचते तो तळ्याचा. पायऱ्यापायऱ्यांचा तो पठाराचा. एका बाजूस कपार पुढे आलेली असेल तर तो पावसात आसरा देणारा, आणि गवताने शाकारलेल्या झोपडीसारखा दिसतो तो झोपडीचा. ह्या शेवटच्या दगडाखाली खरोखरच कोणी राहत असावे असे वाटत होते. नदीनदीचा दगड निराळा. क्योतोच्या कामो नदीचे व तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे दगड जुन्या मानाचे. बिवा सरोवरातून निघणाऱ्या सेता नदीचे निराळे. सादो बेटावरचे तांबडे. होक्काइदोतील कामुइकोतानचे गर्द काळे. वाकायामा प्रांतातील फुरुया दगड नदीत नव्हे, जमिनीत सापडतात. त्यांच्या कड्यांकडे पाहताना आम्हांस आपल्या घाटातील लिंगाण्याची आठवण झाली. गिफू प्रांताच्या नेओ खोऱ्यातील दगडांवर शेवंतीच्या फुलांसारखी नक्षी असते. ती फार सुंदर; परंतु आमचे मत विचाराल तर ती पाहून ‘वा!’ म्हणावे आणि पुढे जावे. काळ्या डोंगरापुढे जसे थांबावेसे वाटते तसे तिच्यापुढे वाटत नाही.

मांडण्याचे मुख्य प्रकार दोन. एक आम्ही उएनोत पाहिला तो, वाळूच्या तबकाचा. तबकास ‘सुइबान’ म्हणतात. ते उन्हाळ्यात विशेष शोभते, कारण त्यात गारवा आहे. दुसरा ‘दाइझा’, म्हणजे लाकडी बैठक. दगडाचा तळ कधी सपाट नसतो. तेव्हा त्याचा प्रत्येक उंचसखलपणा लाकडात उलटा कोरून अशी बैठक करतात की दगड तीत रुतून बसावा, हलू नये, आणि बैठक तर डोळ्यांत भरू नये. तिचे पाय कोठे असावेत ह्यालाही नियम आहे: दगडाचा भार जेथे अधिक, त्याखाली पाय. यजमानांनी एकच दगड आम्हांस दोन बैठकींवर ठेवून दाखविला. एकीवर तो डोंगर होता. दुसरीवर, केवळ अंगुळभर मागे कलल्यामुळे, बसलेला बैल.

दगड तबकाच्या मधोमध ठेवू नये. त्याचा उतार ज्या दिशेस जातो तिकडे जागा अधिक सोडावी. दगडाची पुढची आणि मागची, डावी आणि उजवी, वरची आणि खालची, अशा तिन्ही जोड्या तपासून त्याचे तोंड ठरवावे. हे ठरविण्यास कधी कधी वर्ष लागते. भिंतीवर चित्र लावावयाचे तर डोंगराच्या दगडामागे डोंगराचे चित्र नको; चंद्र असावा, उडते पक्षी असावेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगू नये, हा त्यातला भाव.

एका प्रश्नावर त्यांच्यात मोठे मतभेद आहेत. माथा उत्तम आहे, पण तळ वाईट आहे, असा दगड सापडला तर तळ करवतीने कापून सपाट करावा की नाही? पुष्कळजण करतात. यजमान करीत नसत. त्यांनी एक दगड उचलून उलटा केला; तळ कापलेला होता. तरुणपणी, 1960 च्या सुमारास, देशभर ह्या छंदाची लाट आली होती, तेव्हा त्यांनीच तो कापला होता. “पुढून पाहणाऱ्याला कळत नाही,” ते म्हणाले, “पण मला ठाऊक आहे.” तरीही तो दगड त्यांनी टाकला नाही, साठ वर्षे मांडवावर आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस तामा नदीच्या काठी, ओमे गावापाशी नेले. दगड शोधण्यास जाणे ह्याला ‘तान्सेकी’ असे नाव आहे. ते स्वतः आता काही आणीत नाहीत. नुसते पाहण्यास जातात. वरच्या अंगास राष्ट्रीय उद्यान आहे. तशा उद्यानांच्या कडक संरक्षित भागांत दगड काय, वाळलेले पानही उचलण्यास मनाई असते. शिवाय धरणे झाल्यापासून वरचे दगड पुरांबरोबर खाली येत नाहीत. आम्ही उत्साहाने तासाभरात दहा-बारा गोटे गोळा केले. प्रत्येक अप्रतिम! यजमानांनी ते उन्हात एका शिळेवर ओळीने मांडावयास लावले आणि डबा उघडून भात खाण्यास सुरुवात केली. जेवण होईपर्यंत गोटे वाळले, आणि त्यांतले नऊ तर रस्त्यावरच्या खडीसारखे दिसू लागले. ओला दगड सगळ्यांचाच सुंदर दिसतो. उरलेल्या तिघांपैकी दोघांचा तळ फुटका होता. एक त्यांनी बराच वेळ हातात फिरविला, आणि मग होता त्या जागी, होता तसाच, नेऊन ठेवला.

शिळेवर बसल्या बसल्या त्यांनी आम्हांस विचारले, तुमच्या देशात दगड ठेवतात काय? आम्ही पंचायतनाची गोष्ट सांगितली: गंडकीचा शाळिग्राम विष्णू, नर्मदेचा बाण शंकर, शोण नदीचा तांबडा दगड गणपती, सुवर्णमुखीचा देवी आणि स्फटिक म्हणजे सूर्य, ह्यांतल्या कशालाही टाकीचा घाव नसतो. त्यांना फार नवल वाटले. परंतु ह्यावरून ‘आमच्याकडेही हे पूर्वीपासून आहेच’ असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरला. शाळिग्रामात आम्ही देव पाहतो, आकार पाहत नाही. त्याचा डोंगर दिसतो की बैल, असे कोणी विचारले तर आजोबांनी कान पिळला असता. आत्याबाई मात्र नुसते पाहत असत. घरात त्या एकट्याच. मग आम्ही त्यांचीही गोष्ट सांगितली, आणि मजुराला काय सांगितले तेही सांगून टाकले. पुतणे भाषांतर करता करता जरा थांबले. त्यांनाही ते नव्याने कळत होते.

वृद्ध गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की, त्यांना दोन मुलगे आहेत. दोघेही दूर शहरांत, लहान सदनिकांत राहतात. दगड नेण्यास दोघांनाही सवड नाही आणि जागाही नाही. काही दगडांना किरी लाकडाच्या पेट्या आहेत, त्यांवर नाव आणि इतिहास लिहिलेला आहे. ते कोणीतरी घेईल. बाकीच्यांचे काय होईल हे त्यांना ठाऊक आहे. “हातगाडी,” एवढा एकच शब्द त्यांनी उच्चारला आणि हसले. तुमच्या वहिनींनी एक वाचविला, हे प्रमाण वाईट नाही, असेही म्हणाले. त्यांच्या पत्नीला खाराच्या कैऱ्यांचे सांगितले तेव्हा तिने आम्हांस स्वयंपाकघरात नेऊन मुळ्याच्या लोणच्याचे पीप दाखविले. त्याच्या झाकणावर एक चांगला जाडजूड गोटा होता. ह्या दगडाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे: त्सुकेमोनो-इशी, लोणच्याचा दगड.

क्योतोतही आम्ही तीन दिवस होतो. तेथील र्‍योआन्जीच्या दगडी बागेवर इतके लिहिले गेले आहे की आम्ही भर घालीत नाही. कामो नदीत लोकांना ओलांडण्यासाठी कासवांच्या आकाराचे पायदगड टाकलेले आहेत, त्यांवरून सौ. आणि आम्ही पैलतीरी गेलो व परत आलो. काठावरचे दगड पाहिले, उचलला एकही नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मुकादमास गाठले. खाण शहराबाहेर सात-आठ कोसांवर होती. आम्ही गेलो; तेथे विटा, कौले, माती ह्यांचा एक टेकाडच झालेला आणि त्यावर आणखी गाड्या रित्या होत होत्या. तासभर उभे राहून परत आलो.

वहिनींनी ठेवलेला गोटा काळ्या दगडाचा, नारळाएवढा आहे. कोणत्या नदीचा हे आता सांगणारे कोणी नाही. आत्याबाईंनी पेटीवर काही लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. चार दिवस उन्हात ठेवून वाळवून पाहिला. वाळल्यावरही त्याचा डोंगर राहिला. एका सुतारास बैठक कोरण्यास सांगितली, त्याने विचारले, “कोणता देव म्हणायचा हा?” देव नव्हे म्हटल्यावर त्याचे कामातील लक्ष थोडे कमी झालेले दिसले, आणि बैठक जराशी सैल झाली आहे. म्हणून सध्या तो नव्या घराच्या खिडकीत आत्याबाईंच्या ताम्हनातच, वाळूवर ठेवला आहे. उंच शिखर डावीकडे असावे असे सौ.चे म्हणणे, उजवीकडे असावे असे आमचे. सकाळी पाणी शिंपडताना त्या तो फिरवून ठेवतात, संध्याकाळी आम्ही. चैत्र जवळ आला तेव्हा वहिनींनी आपल्या दडपणाची रीतसर मागणी केली, आणि आम्ही बाजारातून त्यांना एक पाटा-वरवंट्याचा वरवंटा आणून दिला. तो घरंगळतो, अशी त्यांची तक्रार आहे.